बत्तीशी

दर पंधरवड्याला मानखुर्दहून टेम्पो येतो
गोणपाटात बांधलेली बत्तीशी घेऊन.
बत्तीशीच म्हणतो आम्ही:
षटकोनी भोकाची बत्तीस पाती,
प्रत्येकाला आकड्यासारखे वाकडे दात,
ओटवकरांच्या श्रेडरमधून उपसलेली.

मी श्रेडर चालवत नाही.
मी फक्त तोंडात बघतो.

खैरानी रोडवर शेड आहे माझं, दहा बाय चौदा.
बोर्डावर: दस्तगीर शिकलगार, सरफेस ग्राइंडिंग.
आजा सायकलच्या चाकावर दगड फिरवायचा
मिरजेच्या गल्ल्यांतून, सुरी कात्री अडकित्ता ओरडत.
म्हणायचा, पातं पुसायच्या आधी हुंगावं,
घरात काय शिजलं ते कळतं.

मलाही कळतं.
धारेवर गुळासारखं वितळून बसलेलं निळं,
म्हणजे केमिकलची पिंपं गेली.
बेचक्यात काळा चिकटा, म्हणजे कन्व्हेयरचे पट्टे.
चमचमती पूड दिसली तर मुदत संपलेल्या गोळ्या;
त्या दिवशी कंपनीचा साहेब खुर्ची टाकून बसला असणार
शेवटची पट्टी तुटेपर्यंत व्हिडिओ काढत,
कारण नष्ट झाल्याचाही दाखला लागतो.
तांब्याची लाल रेघ मात्र क्वचित.
वायरीत कुणी तांबं विसरलं,
तरी ऑपरेटर भागवत ते विसरत नाही.

या खेपेला एकोणिसावं पातं खळी घेऊन आलं.
नखभर. पण एकाची खळी निघेपर्यंत
उरलेल्या एकतीस जणांनीही झिजायचं असतं.
नाहीतर शाफ्टवर उंचसखल बसतात,
कापत नाहीत, चघळत राहतात.

फोन लावला. भागवत म्हणाला,
"पवईकडची बंद कंपनी आलीय, दस्तगीरभाई,
लॉकरांसकट. मशीन तीनदा अडलं,
तीनदा आपसूक उलटं फिरलं, पुन्हा पुढं.
चौथ्यांदा काय गेलं आत, कोण बघतंय."

पात्याच्या आणि स्पेसरच्या मध्ये
स्टीलची पट्टी अडकलेली, बोटभर रुंद,
वळून वळून सुपारीएवढी झालेली.
पक्कडीनं उलगडली.
आत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं,
भांड्यांच्या दुकानात घरघरत्या पेन्सिलीनं काढतात तसली:
"…मतीआत्याकडून"
आणि तारखेतला नुसता महिना.

डबा असावा.
कुणी लॉकरमध्ये ठेवून घरी गेला
आणि सकाळी गेटला कुलूप.
किंवा नसेलही तसं. नवा घेतला असेल,
जुना राहिला असेल नटबोल्ट ठेवायला.
मला काय ठाऊक.

पातं चकवर बसवलं, चुंबकानं आवळून धरलं.
दुधी कूलंट सोडलं, दोन शतांश घेतले,
आणखी दोन.
दुपारभर दगडाच्या आवाजात जुळवत बसलो:
सुमती? इंदुमती? भानुमती?
खळी गेली तेव्हा सहा वाजले होते.
नाव काही लागलं नाही.
भाच्याचं तर ठिपकंही उरलं नव्हतं.
की भाची होती?

बिल लिहिलं: धार, बत्तीस नग,
घेतलं पाऊण मिलिमीटर.
ओटवकर कुरकुरणार. अजून दोनदा धार निघेल यांतून,
मग ही बत्तीशीसुद्धा किलोवर जाईल.

पट्टी चुंबकाला चिकटत नव्हती.
म्हणजे चांगलं स्टील, लोखंडाहून बरा भाव.
भंगाराच्या डब्यात टाकली,
शटर अर्धं ओढलं,
परत येऊन काढली.
कुणी न लावता धार आली होती तिला,
अंगठा कापला.

हुंगून बघितली.
नुसतं कूलंट.